तुझी साधी पानं

सुरेखा,

तू गेल्याची खबर मला आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर मिळाली. कुणीतरी तुझा फोटो तयार चौकटीत बसवून टाकला होता. चारी बाजूंनी झेंडूची फुलं, खाली दोन दिवे, आणि ते दिवे लुकलुकत होते. माझी नजर आधी त्या दिव्यांवरच गेली, आणि मनात जे आलं ते तुझ्या आवाजात आलं: "हे हलून कामून राहिलंय?" मग खालचं नाव वाचलं.

ग्रुपवर सगळे हात जोडत होते. मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. आपण चार वर्षं एका बाकावर बसलो, सहा वर्षं एका खोलीत काम केलं, आणि त्यानंतर अकरा वर्षं एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. एवढं सगळं त्या चौकटीत मावत नव्हतं. म्हणून इथे लिहितेय.

विष्णुपुरीला कॉलेजच्या लॅबमध्ये इंटरनेटची एकच लाइन होती आणि ती सगळ्या कॉम्प्युटरांना वाटून यायची. एखादं पान उघडायला लावून आपण कँटीनला चहा पिऊन यायचो, तरी परत येईतो वरचं अर्धंच चित्र उतरलेलं असायचं. तू मुखेडजवळच्या गावाहून आलेली, हॉस्टेलवर राहणारी. मी नांदेडची, मास्तरांची मुलगी, घरी कॉम्प्युटर असलेली. तुला शिकवायची जिम्मेदारी आपली, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. पहिल्या महिन्यातच तू ती माझ्याकडून काढून घेतलीस.

आठवतं, प्रत्येकीनं स्वतःचं एक पान बनवून आणायचं होतं. माझ्या पानावर काळं आकाश होतं, त्यात चमकणारे तारे, आणि एका कडेकडून दुसऱ्या कडेला पळणारं ‘वेलकम’. तळाशी, किती लोकांनी पान पाहिलं ते दाखवणारा आकडा. तो आकडा मी स्वतःच पान पुन्हा पुन्हा उघडून वाढवायची. तुझ्या पांढऱ्या पानावर तुझ्या गावाचं नाव होतं, मुखेडहून गाडी किती वाजता सुटते ते होतं, ओढ्याला पाणी असलं तर कुठल्या वाटेनं यायचं आणि डॉक्टर कुठल्या वारी येतात तेही होतं. सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, कारण मराठी अक्षरं तेव्हा पानावर नीट उमटतच नसत.

"हे कोण बघणार?" मी विचारलं होतं.

"ज्याला जायचंय त्यो."

मार्क मला जास्त पडले. मी ते तुला बरेच दिवस ऐकवले.

कॉलेज संपल्यावर वजिराबादला झेरॉक्सच्या दुकानावरची खोली आपण घेतली. वेबसाइट म्हणजे काय हे निम्म्या गिऱ्हाइकांना आपणच समजावून सांगायचो. तेव्हा पान बांधायचं म्हणजे आधी न दिसणारा तक्ता आखायचा, मग एकेका घरात चित्र नाहीतर मजकूर बसवायचा. एक घर हललं की सगळं पान वाकडं व्हायचं. मराठी मजकुरासाठी वेगळा फाँट लागे आणि तो बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर नसला की त्याला नुसती मोडकी चिन्हं दिसत. म्हणून आपण मराठीचे शब्द चित्रं करून टाकायचो. चित्र जड झालं की तू ते परत माझ्याकडे सरकवायचीस. "अजून कमी कर. खेड्यातल्या लाइनीवर हे उतरायचं न्हाई." पानाच्या तळाशी, अमुक आकाराच्या पडद्यावरच ही साइट नीट दिसते, अशी सूचना लिहायची तेव्हा पद्धत होती. तू ती मला कधीच लिहू दिली नाहीस. म्हणायचीस, "घरी येणाऱ्याला आपण सांगतो का, वाकून ये म्हणून?"

माहूरच्या लॉजवाल्या काकांचं काम आठवतंय का? त्यांना पान उघडताच घंटा वाजायला हवी होती. मी वाजवली. देवीच्या फोटोभोवती सोनेरी किरणं फिरवली. दाखवायला म्हणून आपण त्यांना तिथल्याच नेट कॅफेत घेऊन गेलो. स्पीकर मोठा होता. घंटा अशी घणघणली की शेजारी नोकरीचा अर्ज भरत बसलेला माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. काका खूश झाले. परतीच्या गाडीत मात्र किनवटला तू माझ्याकडे वळलीस. मग म्हणालीस, "देवी बघायला माणूस गडावर येणारच हाय, वैशे. साइटवर त्याला बघायचं ते इतकंच. खोली मिळंल का, गरम पाणी हाय का, शेवटची बस किती वाजता." मी तुला रुक्ष म्हणाले. तू हसलीस आणि दुसऱ्या दिवशी त्या तीन गोष्टी देवीच्या फोटोच्या खाली टाकल्यास. काका पुढे सांगायचे, फोन येतात ते त्या तीन ओळी वाचूनच.

नंतर मराठी अक्षरं खरीखुरी पानावर उमटायला लागली, कुठला फाँट न उतरवता. तू हातातलं काम बाजूला ठेवून तुझ्या गावाचं ते जुनं पान मराठीत लिहून काढलंस. पुढच्या आठवड्यात तुझे बापू दवाखान्याच्या कामानं नांदेडला आले, तेव्हा त्यांना जिना चढवून वर आणलंस. त्यांनी चष्मा लावला, एकेक ओळ बोटानं वाचली. शेवटी म्हणाले, "ओढ्याचं बराबर लिवलंय." तुझा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. नंतर आपल्या कुठल्याही कामाचं कौतुक झालं तरी तो तसा झाला नाही.

आता त्या दिवसाकडे यायला हवं. मी किती दिवस टाळत आलेय, तुला ठाऊक आहे.

लातूरच्या एका मेडिकल प्रवेशाच्या क्लासचं काम आपल्याला मिळालं होतं. तेव्हा सगळीकडे फ्लॅशची हवा होती. साइट उघडली की आधी छोटा सिनेमा सुरू व्हायचा, मग आत जायला मिळायचं. मी त्यात आकंठ बुडाले होते. क्लासच्या सरांना मी असं पान करून दिलं की गुणवंत मुलांचे फोटो आभाळातून येत, गोल फिरत आणि आपापल्या जागी बसत. क्लासच्या निवड परीक्षेत पास झालेल्यांची यादीही मी त्याच फिरत्या चित्रात बसवली, कारण साधा तक्ता त्या देखण्या पानात खुपत होता. तू म्हणालीस, यादी वेगळी टाकू, साध्या पानावर. मी नाही म्हणाले. तू दुसऱ्यांदा म्हणालीस. मी म्हणाले, हे काम माझं आहे.

यादी लागल्यानंतर चौथ्या दिवशी तू फोटोंची सीडी द्यायला क्लासवर गेली होतीस. तिथे देगलूरकडचे एक गृहस्थ लेकीला घेऊन उभे होते. मुलीचं नाव ज्योती. तिची निवड झाली होती, पण प्रवेशाची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. बाप काउंटरवरच्या माणसाला परत परत सांगत होता, "दोन दिस नेटवर बगून राहिलो साहेब. नुसतं गोल फिरतंय, उघडतच न्हाई. आमालाच येत नसंल म्हणून गुमान बसलो."

तू तिथूनच मला फोन केलास. मी म्हणाले, "नेट स्लो असेल त्यांचं." एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मग तू सरांच्या केबिनमध्ये गेलीस आणि सांगितलंस की चूक या माणसाची नाही, साइटची आहे, आणि साइट आम्ही केलीय. सर चिडले. पण ज्योतीला त्यांनी दुसऱ्या बॅचमध्ये घेतलं. तिला हवी होती ती बॅच भरली होती. मला सरांचा फोन आला आणि मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं लातूरला आले. क्लाससमोरच्या चहाच्या टपरीवर आपण बसलो. ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"सरांसमोर बोलायची काय गरज होती?" मी विचारलं.

"त्यो माणूस माझ्यासमोर उभा होता. त्याला वाटून राहिलं होतं की चूक त्याचीच हाय. मी काय म्हणायचं त्याला?"

"मला सांगायचंस आधी."

"सांगितलं की. तू म्हणालीस, नेट स्लो असंल."

मी भलतंच बोलले. म्हणाले, "तुझ्यासारख्या साइटी कोण घेणार आहे, सुरेखा? पांढरं पान आणि बसचं टाइमटेबल. तू गावातून आलीस पण गाव काही तुझ्यातून गेलं नाही."

तू चहा तसाच ठेवलास. म्हणालीस, "न्हाई गेलं. जायला बी नको." आणि उठून ज्योतीसाठी खोली बघायला गेलीस. तिचा बाप संध्याकाळच्या गाडीनं परतणार होता आणि लेकराला कुठं ठेवायचं ते ठरलं नव्हतं.

तू नांदेडला परत आली नाहीस. महिन्याभरानं बालाजी, तुझा धाकटा भाऊ, खोलीवर येऊन तुझं सामान घेऊन गेला. कळलं की तू लातूरलाच मुलींच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागलीस.

आणि त्या महिन्यात मी जे केलं ते तुला कधी सांगितलं नाही. आपल्या सगळ्या साइटींच्या तळाशी बारीक अक्षरांत दोघींची नावं असायची, तुझं आधी, माझं नंतर. मी एका दुपारी बसून एकेक साइट उघडली आणि तुझं नाव काढून टाकलं. माहूरच्या लॉजच्या पानावरूनसुद्धा, ज्यातल्या त्या तीन ओळी तुझ्या होत्या. काम सोपं होतं. प्रत्येक पानावर एक ओळ.

त्यानंतर माझा धंदा चालला, हे खरं आहे. फ्लॅश गेलं. माझी ती फिरणारी आभाळं एके दिवशी कुठल्याच फोनवर दिसेनाशी झाली. फोन आले तसं सगळं लहान पडद्यात बसवायला लागलं, मेन्यू तीन रेघांच्या मागे लपला. मग तयार साचे आले. कपड्याचं दुकान असो की दवाखाना, वर मोठा फोटो, त्यावर एक वाक्य, खाली बटण. मी वर्षानुवर्षं जुन्या साइटी मोडून नव्या बांधत राहिले.

माझी भाची दहावी झाली आणि तिला लातूरला ठेवायचं ठरलं, तेव्हा ती फोन घेऊन माझ्याकडे आली. "आत्या, ही साइट बघ. लातूरला जाणाऱ्या सगळ्या मुली हीच बघतात." पांढरं पान, काळी अक्षरं. मुलींसाठी खोल्यांची यादी, गल्लीनुसार. कुठे मालकीणबाई स्वतः राहतात, उन्हाळ्यात पाणी कितव्या दिवशी येतं, मेसमध्ये भाकरी मिळते का, अभ्यासिका किती वाजता बंद होते, तिथून परत येताना रस्त्यावर दिवे आहेत का. शेवटी उदगीर, निलंगा, अहमदपूरकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा. पान डोळे मिटून उघडायच्या आत उघडलं. कुठे कुणाचं नाव नव्हतं, फक्त एक फोन नंबर. मला नावाची गरज पडली नाही.

मी भाचीला पाणी आणायला पाठवलं आणि नंबर लावला.

"कोण?"

"वैशाली."

मग म्हणालीस, "काय गं, पान उघडलं का तुझ्याकडं लवकर?"

अकरा वर्षांनी तू मला विचारलेला पहिला प्रश्न. मी "उघडलं" म्हणाले. तूच बोलत राहिलीस. ज्योतीसाठी खोली शोधताना संध्याकाळपर्यंत तू ट्यूशन एरियातल्या गल्ल्या पालथ्या घातल्यास, जे दिसलं ते वहीत लिहून ठेवलंस, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीचा बाप विचारायला आला तेव्हा तीच वही पानावर चढवलीस. ज्योतीचं पुढे काय झालं तेही तू सांगितलंस. डॉक्टर व्हायचं तिचं राहिलं. ती नर्स झाली, लातूरलाच असते. मी "बरं झालं" म्हणाले. तू म्हणालीस, "बरं झालं का न्हाई, ते तिलाच ठाऊक."

मग आपलं येणं-जाणं पुन्हा सुरू झालं, पण जपून. तुझी किडनी बिघडल्याचं तू मला सहा महिने उशिरा सांगितलंस. शेवटचं भेटलो ते दोन महिन्यांपूर्वी, तुझ्या डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी. तू पलंगावर टेकून बसली होतीस. मी तुला एआयवर पाच मिनिटांत अख्खी साइट कशी तयार होते ते दाखवलं. तू ती फोनवर घेऊन बघितलीस. आधी एक खिडकी आली, ती तू बंद केलीस. मग दुसरी आली, परवानगी मागणारी. तीही बंद केलीस.

"बनवायला सोपी झाली गं," तू म्हणालीस, "वाचायला कुठं झाली?"

मी भांडले. मी म्हणाले, तुझं पान उपयोगाचं आहे, पण घर सोडून आलेल्या पोरीला बघायला काही सुंदरही मिळावं. तिला ते पान सरकारी नोटिशीसारखं का वाटावं? एखादा तरी रंग दे. तू नेहमीसारखी उडवून लावशील असं वाटलं होतं. तू विचारात पडलीस. मग म्हणालीस, "हे मात्र बराबर असंल तुझं. कोणता द्यायचा?" मी हिरवा म्हणाले, तू नको म्हणालीस. उन्हात फोन धरला की हिरवं वाचता येत नाही, असं तुझं म्हणणं. निळ्यावर माझी हरकत होती. शेवटी तू थकलीस आणि म्हणालीस, "रंगाचं पुढच्या बारीला बगू."

निघताना मी चपला घालत होते. तू आतून म्हणालीस, "आता पानाखाली नावं टाकत न्हाईत का गं कुणी?"

तुला माहीत होतं, की सहज बोललीस, मला आजही कळलेलं नाही. सांगायची वेळ तीच होती. मी म्हणाले, "नाही, ती पद्धत गेली आता." आणि जिना उतरले. तुझी माफी मागायला मला एक जिना परत चढायचा होता, सुरेखा. मी बसस्टँडची ऑटो केली.

तुझ्या तेराव्याला मी लातूरला गेले. पंगती उठल्या होत्या. बालाजीनं मला तुझ्या खोलीत नेलं. टेबलावर तुझा लॅपटॉप होता, वही होती, चार्जिंगला लावलेला तुझा फोन होता.

"फोन बंद केला न्हाई," तो म्हणाला. "ताईला रोज लई फोन येतात. खोल्यांचं विचारतात. मला काय सांगावं समजत न्हाई. तुमी ते पान काढून टाकता का? लोकांना उगी हैराण व्हायला नको."

मी लॅपटॉप उघडला. सगळं तसंच होतं, तुझी सुटसुटीत मांडणी, तुझ्या सूचना तुलाच लिहिलेल्या: या मालकीणबाईंना जूनमध्ये परत विचारणे; या गल्लीतला दिवा बंद आहे, तक्रार केली. काढून टाकायला मला एक मिनिट पुरलं असतं. एकदा एका दुपारी मी हेच काम सराईतपणे केलं होतं. बालाजी दारात उभा होता.

तेवढ्यात फोन वाजला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. मग मी उचलला.

"हॅलो, सुरेखा मॅडम हैत का? मी उदगीरहून बोलून राहिलो. लेकीला लातूरला ठेवायचं हाय. ते पानावर चौथ्या नंबरची खोली लिवलीय, ती अजून रिकामी हाय का?"

"थांबा, बघते," मी म्हणाले. मी तुझी वही उघडली. त्या खोलीपुढे मालकीणबाईंचं नाव आणि नंबर होता. बालाजीनं आपल्या फोनवरून त्यांना विचारलं. रिकामी होती.

"आहे," मी सांगितलं. "मालकीणबाई तिथेच राहतात. पाणी उन्हाळ्यात आठव्या दिवशी येतं, पण टाकी मोठी आहे."

"बरं झालं माय. तुमी मॅडमच बोलताव का?"

मला सांगायला हवं होतं. दारात तुझा भाऊ उभा होता, त्याच्या डोक्यावरचे केस नुकते काढलेले. मी तोंड उघडलं आणि वेगळंच निघालं.

"नाही. मी वैशाली. त्यांच्याबरोबर काम करते."

"मंग त्यांना सांगा, रविवारी पहिल्या गाडीनं आमी दोघं येऊन राहिलो. लेकरू पहिल्यांदाच घर सोडून राहायलंय. कुणी भेटलं तर बरं होईल म्हणावं."

"सांगते," मी म्हणाले.

आत जाऊन बालाजीनं मला चहा आणला. मी तुझा नंबर तसाच ठेवला, त्याच्याखाली माझा टाकला. रंगाला हात लावला नाही. ते भांडण दोघींचं होतं, एकटीनं कसं मिटवू?

तर उदगीरचे ते बापलेक रविवारी पहिल्या गाडीनं येतायत. मी शनिवारी संध्याकाळीच लातूरला मुक्कामाला जाते. गाडी फलाटाला लागेल तेव्हा मी तिथे उभी असेन.